शंभर दिनार काही थोडे नाहीत

मंगळवार, रात्री

रविवारी उपासना संपल्यावर पाळकसाहेबांनी उत्तम शुक्रवारच्या चिठ्ठ्या वाटल्या. बारा ते तीन, येशूचे क्रुसावरचे सात उद्गार, सात जणांनी बोलायचं, प्रत्येकी दहा मिनिटं. माझ्या चिठ्ठीत पहिला निघाला: “हे बापा, त्यांना क्षमा कर, कारण ते काय करतात हे त्यांना समजत नाही.” “मला तहान लागली आहे” निघाला असता तर निभावलं असतं. नगरच्या उन्हाळ्यात तहानेवर कुणीही दहा मिनिटं बोलेल.

हा उद्गार मला का अवघड जातो, ते आमच्या मंडळीतल्या जुन्या लोकांना सांगायला नको. काका पेटी वाजवतात आणि बोलणाऱ्याची जागा पेटीपासून चार पावलांवर आहे.

थोडक्यात लिहून ठेवते. आजोबा गेल्यावर काकांनी पप्पांकडून जमिनीच्या हक्कसोडपत्रावर सही घेतली. “दादा, कागद नुसता सोयीसाठी, वाटा तुझा आहेच,” असं तोंडी ठरलं. पप्पा शाळामास्तर, भावाला साक्षीदार कशाला लागतात म्हणाले. पुढे जमीन विकली गेली आणि वाट्याचा विषय पुन्हा निघाला नाही. पप्पांनी शेवटपर्यंत दर रविवारी भावाला “सलाम” केला. मी करते तो मानेनं, तोंडानं नाही.

मंडळी प्रभूची प्रार्थना म्हणते तेव्हा काकांचा आवाज सगळ्यांत वर लागतो. “जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे” इथं तर फारच. माझ्या मनात येतं, तुमचं कुणी काय बुडवलंय हो?

बुधवार

क्षमेवरची प्रवचनं लहानपणापासून ऐकत आलेय. बहुतेकांत एक लबाडी असते. ज्याचं नुकसान झालंय त्याला उभं करून सांगायचं, सोडून दे, एवढं काय त्यात. ज्यानं नुकसान केलं तो मागच्या बाकावर निवांत. महिला मंडळात नवऱ्याचा मार खाऊन आलेल्या बाईलाही हेच वचन वाचून दाखवलेलं मी पाहिलंय. आधी तिला सुरक्षित जागा, मग डॉक्टर, मग पोलीस चौकी. क्षमेचं काय करायचं ते तिचं ती बघेल, तिच्या वेळेनं.

म्हणून आज बायबलमधलं मत्तय 18 काढून बसले. शिष्य पेत्र येशूला विचारतो, भावानं अपराध केला तर किती वेळा क्षमा करू, सात वेळा? उत्तर येतं, सातांच्या सत्तर वेळा. आणि लगेच तो दाखला. राजाचं दहा हजार तालान्त देणं असलेला चाकर. त्याला सगळं माफ होतं, तो बाहेर पडतो आणि शंभर दिनार देणं असलेल्या सोबत्याचा गळा धरतो.

हिशेब मांडला. शिक्षकाची मुलगी आहे, जात नाही ते. एक दिनार म्हणजे मजुराचा एका दिवसाचा रोज. द्राक्षमळ्याच्या दाखल्यात तोच ठरतो. एका तालान्ताचे सहा हजार दिनार. आज आमच्याकडे रोज पाचशे धरला तर मोठं कर्ज होतं तीन हजार कोटी रुपये. पहिल्या शतकातला यहुदी इतिहासकार योसेफस लिहितो की येशूच्या काळचा तिथला सत्ताधीश हेरोद अंतिप याला गालील आणि पेरिया हे प्रांत मिळून वर्षाला 200 तालान्त महसूल मिळायचा. म्हणजे हा चाकर पन्नास वर्षांचा सरकारी महसूल बुडवून बसला होता. ऐकणारे तिथंच हसले असतील.

पण मी अडकले ती दुसऱ्या आकड्यावर. शंभर दिनार, त्याच भावानं पन्नास हजार रुपये. शब्बाथाची आठवड्याची सुट्टी सोडून पावणेचार-चार महिन्यांची मजुरी. प्रवचनात याला नेहमी “क्षुल्लक रक्कम” म्हणतात. हातावर पोट असलेल्या माणसाचे पन्नास हजार बुडवा आणि मग क्षुल्लक म्हणून दाखवा. येशूला सोबत्याचं देणं एक दिनार सांगता आलं असतं, दोन सांगता आले असते. त्यानं शंभर सांगितले. घर हलेल एवढी रक्कम आहे ती. राजानं माफ केलेल्या डोंगरापुढे ती लहान दिसते हे खरंच, पण खोटी कुठंच ठरत नाही. हे मला कुणीच सांगितलं नव्हतं आणि आज वाचताना एकदम बरं वाटलं. पप्पांची जमीन खरंच गेली. हे बोलायला माझ्या धर्माची आडकाठी नाही.

शुक्रवार

उदाहरण कुणाचं घ्यावं? ग्लॅडिस स्टेन्स बाईंचं सगळेच घेतात. जानेवारी 1999, ओडिशातलं मनोहरपूर, पती ग्रॅहम आणि फिलिप, टिमोथी ही लहान मुलं गाडीत जाळली गेली. बाईंनी क्षमा केली आणि बारिपदाला कुष्ठरोग्यांचं काम चालू ठेवलं. आपले लोक गोष्ट इथंच संपवतात. खटला मात्र चाललाच, आणि मुख्य आरोपी दारा सिंगची जन्मठेप सर्वोच्च न्यायालयानं 2011 मध्ये कायम केली. त्यांच्या क्षमेनं कोर्टाला टाळं लावलं नाही आणि कोर्टानं त्यांची क्षमा खोटी पाडली नाही.

मी मध्य प्रदेशातल्या सिस्टर राणी मारियांचं घेणार आहे. मूळच्या केरळच्या, फ्रान्सिस्कन क्लॅरिस्ट संघाच्या. उदयनगरकडच्या आदिवासींना सावकारांच्या तावडीतून सोडवायचं काम त्यांनी धरलं होतं; त्यामुळे ज्यांची दुकानदारी बसली ते चिडले. 25 फेब्रुवारी 1995 ला त्या इंदूरला जायला बसमध्ये चढल्या आणि समुंदर सिंग नावाच्या तरुणानं त्यांना वाटेत, प्रवाशांदेखत भोसकून मारलं. पन्नासच्या वर जखमा. त्याला जन्मठेप झाली. 2002 च्या रक्षाबंधनाला त्यांची धाकटी बहीण, सिस्टर सेल्मी पॉल, तुरुंगात गेली आणि तिनं त्याला राखी बांधली. पुढे त्याच्या सुटकेसाठी या घरानंच संमती दिली आणि 2006 मध्ये तो सुटला. राणी मारियांना 4 नोव्हेंबर 2017 ला इंदूरमध्ये धन्य म्हणून घोषित केलं, म्हणजे कॅथलिकांत संतपदाच्या आधीची पायरी. आमची मंडळी प्रॉटेस्टंट, कुणीतरी नाक मुरडेल. मुरडू दे.

मला त्यात राखीपेक्षा मधली वर्षं महत्त्वाची वाटतात. 1995 ते 2002. ती राखी दुसऱ्या दिवशी सकाळी बांधली गेली नाही. किती रात्री काय वाटलं असेल, तिचं तिला ठाऊक. आणि राखी बांधली तेव्हा समोरचा माणूस गजाआडच होता, त्यानं काय केलं याबद्दल कुणाच्या मनात शंका उरली नव्हती.

रविवार

चर्चहून आले. आईला सगळं वाचून दाखवलं. ती वाटाणे सोलत होती, मध्ये एकदाच म्हणाली, “योसेफ राहिला.”

खरंच राहिला होता. भावांनी वीस रुप्यांच्या नाण्यांना विकलेला योसेफ. आपण त्याच्या मिठ्या आणि रडणं लक्षात ठेवतो. त्याआधी त्यानं भावांना चांगलंच घुसळून काढलं होतं, हे विसरतो. धाकट्या बन्यामिनाच्या गोणीत प्याला लपवला आणि हे त्यालाही टाकून जातात का ते पाहिलं. यहूदा पुढे येऊन म्हणाला, त्याच्याऐवजी मला गुलाम करून घ्या, तेव्हा कुठं योसेफानं तोंड उघडलं. आणि उत्पत्तीच्या शेवटच्या अध्यायात काय होतं? बाप याकोब मिसरात सतरा वर्षं राहून वारतो, तशी भावांची पुन्हा गाळण उडते: आता हा सूड घेईल. एवढी वर्षं त्याच्या धान्यावर जगूनही त्यांना क्षमा झाल्याचं खरं वाटलेलं नसतं. योसेफ ते ऐकून रडतो. आज पहिल्यांदा काकांच्या बाजूनं विचार आला. ते इतक्या वरच्या पट्टीत का गातात, कुणास ठाऊक.

पण जक्कय नावाचा जकातदारही आहे ना बायबलमध्ये. ज्याचं लुबाडलं त्याला चौपट परत करतो म्हणाला. चौपट सोडा, काकांनी एक शब्द परत केलेला नाही.

आईची तऱ्हा वेगळी. नाताळात काकू करंज्या-अनारशांचा डबा पाठवते. आई तो घेते, घासते आणि चिवडा भरून परत पाठवते, कारण डबा रिकामा पाठवायचा नसतो. काकांच्या घराची पायरी मात्र ती चढलेली नाही. मी विचारलं, “मग तू माफ केलंस की नाही?” ती म्हणाली, “मी वाईट चिंतत नाही. व्यवहार पण करणार नाही. झालं.”

मी अजून तिथवरही पोचलेली नाही, काकांना सर्दी झाली तरी मला थोडं बरं वाटतं. त्या उद्गाराची रचना मात्र आता माझ्या सोयीची वाटू लागली आहे. खिळे ठोकलेला येशू शिपायांकडे बघून “मी तुम्हाला क्षमा केली” म्हणत नाही. तो बापाला सांगतो, तू कर. तेवढं मला आज रात्री म्हणता येईल. दात ओठ खात म्हणेन, पण म्हणेन.

सोमवार

पहिल्या उद्गारानंतरचं गीत पेटीवाल्याला आधी कळवावं लागतं, म्हणून काकांना फोन केला. पट्टी काळी दोन ठेवू का, विचारत होते. म्हटलं, खाली घ्या, बायकांना झेपत नाही. बरं म्हणाले. मग म्हातारपणी माणसं सांगतात तसं गुडघ्याचं सांगत बसले, मी ऐकलं.

कागद तयार झाला. शंभर दिनारांचा हिशेब ठेवलाय, रोज पाचशे धरून, पन्नास हजारांपर्यंत. काका चार पावलांवर असतील. हे आपल्याबद्दल आहे असं त्यांना वाटलं तर वाटू दे, थोडंफार आहेच. पाळकसाहेबांना तेवढं आधी वाचून दाखवते, नाहीतर ते मधेच घड्याळ बघायला लागतील.