दहाबचं पाणी आणि डोक्यावरचं छत

इजिप्तमधल्या दहाबला डाइव्हिंगसाठी जाणार असाल आणि सिनाईतला जबल मूसाही चढायचा असेल, तर तो डाइव्हिंगच्या आधीच चढून घ्या. 2285 मीटर उंचीचा हा डोंगर, पायथ्याशी सहाव्या शतकातला सेंट कॅथरीनचा मठ, वाटेवर उंटवाले, शिखरावर सूर्योदयाला जमलेली जगभरची गर्दी. सगळं बघण्यासारखं आहे. पण खोल पाण्यातून बाहेर पडून लगोलग तिथे गेलात, तर अंगात विरघळून राहिलेल्या नायट्रोजनच्या दृष्टीने तुम्ही विमानातच बसलात. हवेचा दाब उतरतो आणि सांध्यांत, मज्जारज्जूत बुडबुडे धरायला लागतात. म्हणून आमचा क्रम आधी डोंगर, मग समुद्र, मग एक पूर्ण कोरडा, पाण्यात न उतरण्याचा दिवस आणि त्यानंतर परतीचं विमान, असा होता. सुट्ट्या तुटपुंज्या असल्या की लोक नेमका तो कोरडा दिवस कापतात. कापू नका.

मी पुण्याची. समुद्राखाली पहिल्यांदा डोकं घातलं ते तारकर्लीला, रीतसर शिकले अंदमानातल्या हॅवलॉकला. सोबतचा जोडीदार मूळचा सांगलीचा, नोकरीला मस्कतमध्ये; आमची ओळखही पाण्यातलीच. दोघांनाही 40 मीटरच्या पुढचं शिकायचं होतं. त्यासाठी दहाब निवडलं. मुंबईहून कैरो, तिथून शर्म अल शेख आणि पुढे उजाड डोंगरांतून साधारण 90 किलोमीटरचा रस्ता. वाटेत चौक्यांवर पासपोर्ट दाखवायचा, ड्रायव्हरची अरबी गाणी ऐकायची आणि पोचायचं. प्रवासाबद्दल याहून जास्त लिहिण्यासारखं काही घडलं नाही.

दहाबची खरी सोय म्हणजे खोल पाणी किनाऱ्यालाच लागून आहे. अकाबाचं आखात मधोमध 1800 मीटरच्या वर खोल जातं आणि त्याची भिंत चहाच्या टपऱ्यांपासून पोहत जाण्याइतकी जवळ. बोट लागत नाही. समोर पाण्यापलीकडे सौदीचे डोंगर दुपारी करडे, संध्याकाळी गुलाबी. वारा मात्र उत्तरेचा आणि हट्टी. सकाळी लवकर पाण्यात शिरलेलं बरं.

हौशी डायव्हिंगची मर्यादा 40 मीटर का, हे आधी सांगायला हवं. पाण्यात दर दहा मीटरला दाब एका बारने वाढतो. पृष्ठभागावरचा एक बार धरून 40 मीटरवर तो पाच बार. तिथे साध्या हवेवर, नेहमीच्या तक्त्यांनुसार, जेमतेम नऊ मिनिटं राहता येतं. तेवढ्यात निघालात तर काही बिघडल्यास सरळ, बेताच्या वेगाने वर येता येतं. हौशी डायव्हिंगचं सगळं सुरक्षेचं गणित या एका सोयीवर उभं आहे: वर हवा आहे आणि वर जाता येतं. ती मिनिटं ओलांडली की ही सोय संपते. डोक्यावर न दिसणारं छत तयार होतं. कॉम्प्युटर सांगतो, 12 मीटरवर थांब, मग 9, मग 6. छत मोडून वर आलात तर पृष्ठभागावर हवा भरपूर मिळेल, पण कदाचित पाय हलणार नाहीत. स्कॉटिश शास्त्रज्ञ हॉल्डेन यांनी 1908 साली बकऱ्यांवर प्रयोग करून टप्प्याटप्प्याने वर येण्याची पहिली कोष्टकं मांडली. आजचे मनगटावरचे कॉम्प्युटर पुष्कळ सुधारलेलं गणित करतात, तरी मूळ चाल तीच.

एकदा हे छत मान्य केलं की तयारीचा अर्थच बदलतो. जे काही बिघडेल ते खालीच, पाण्यातच निस्तरता आलं पाहिजे.

ही तयारी दहाबला सुरू होत नाही, घरी होते. साधारण चौघांतल्या एकाच्या हृदयात जन्मापासून एक छोटी झडप नीट मिटलेली नसते. रोजच्या जगण्यात तिचा पत्ताही लागत नाही, पण डेको डाइव्हनंतर, म्हणजे असे थांबे घेतच वर यावं लागतं त्या डाइव्हनंतर, फुप्फुसात गाळले जायला हवेत असे बुडबुडे तिच्यातून थेट धमन्यांकडे निसटू शकतात. सगळ्यांनी ही तपासणी करावी असा नियम नाही. मी करून घेतली. हृदयरोगतज्ज्ञांना मी काय करणार आहे ते समजावण्यात अर्धा तास गेला. शेवटी ते म्हणाले, ‘‘अहो, पण एवढं करून खाली बघायला काय मिळतं?’’ खरं उत्तर दिलं असतं तर त्यांनी रिपोर्टच दिला नसता.

दुसरी तयारी म्हणजे आपला श्वास मोजणं. साध्या डाइव्हवर किती बार वापरले, सरासरी खोली किती, वेळ किती, हे मी वर्षभर वहीत लिहीत होते. माझा खप पृष्ठभागावर मिनिटाला साधारण 16 लिटर. 45 मीटरवर दाब साडेपाच बार, म्हणजे तिथे तोच श्वास 88 लिटरचा. 12 लिटरचा 200 बार भरलेला एकच सिलिंडर अशा ठिकाणी 27 मिनिटांत पूर्ण रिकामा. म्हणून पाठीवर जोडसिलिंडर, म्हणजे ट्विनसेट, आणि बगलेत लटकवलेला डेकोचा वेगळा सिलिंडर.

दहाबला पोचल्यावर वाटलं होतं, दुसऱ्या दिवशी खोल जाऊ. आमचे प्रशिक्षक अलेक्झांड्रियाचे, कमी बोलणारे. त्यांनी आम्हाला दीपगृहाजवळच्या उथळ पाण्यात गुडघे टेकायलाही मनाई केली. सहा मीटरवर आडवं तरंगत राहायचं, एक हात वर नाही, एक हात खाली नाही, आणि त्या अवस्थेत सगळी कामं करायची. डेकोच्या थांब्यावर मीटरभर वरखाली झालात तर छत फुटतं, त्यामुळे हे सगळ्यात आधी.

मग व्हॉल्व्ह ड्रिल. ट्विनसेटला डोक्यामागे तीन मुठी असतात: उजवी, मधली आणि डावी. कुठून गॅस फुसफुसतोय ते ओळखायचं आणि तो व्हॉल्व्ह बंद करायचा. गळती दोन्ही सिलिंडर जोडणाऱ्या दांड्यात असेल तर मधली मूठ फिरवून निदान अर्धा साठा वाचवायचा. कागदावर सोपं. पाठ खाजवताना जिथे हात हमखास पोचत नाही, नेमक्या तिथे या मुठी असतात आणि वर पाच मिलिमीटरचा वेटसूट. पुण्यात रोज टॉवेल धरून खांद्याचे व्यायाम केले होते, त्याचं चीज इथे झालं. प्रशिक्षक मागून हवेची नळी सोडून बुडबुड्यांचा गदारोळ करायचे, मास्क काढून घ्यायचे, एका वेळी दोन संकटं द्यायचे. जोडीदार एकदा वर आल्यावर म्हणाला, ‘‘हा माणूस आपल्यावर कसला सूड उगवतोय?’’

माझ्या मते या सगळ्यात जीव घेणारी गोष्ट खोली नसते, चुकीचा गॅस असतो. डेकोसाठी आम्ही 50 टक्के ऑक्सिजन असलेलं नायट्रॉक्स वापरणार होतो. ते नायट्रोजन लवकर बाहेर काढतं, पण 21 मीटरच्या खाली तोंडात घ्यायचं नाही. ऑक्सिजनचा आंशिक दाब, म्हणजे एकूण दाबातला त्याच्या वाट्याचा दाब, 1.6 बारच्या वर गेला की आकडीसारखा झटका येऊ शकतो, बहुतेकदा काही सूचना न देता. पाण्याखाली झटका म्हणजे रेग्युलेटर तोंडातून सुटतो आणि माणूस बुडतो. 45 मीटरवर हेच मिश्रण घेतलं तर आकडा होतो 2.75.

म्हणून डाइव्ह सेंटरच्या मागच्या खोलीतला तो तपासणीचा सोहळा मला फार आवडला. मीटर आधी साध्या हवेवर 20.9 ला लावून घ्यायचा. सिलिंडरचा व्हॉल्व्ह अगदी किंचित उघडायचा, सू असा बारीक आवाज येईल इतकाच. आकडा चढत जातो, डगमगतो, स्थिरावतो. माझा 48.6 वर थांबला. पांढरी चिकटपट्टी, जाड मार्कर: टक्के, खोली, तारीख, सही. खोलीचा आकडा हाताएवढा मोठा, जोडीदाराला लांबून वाचता यावा म्हणून. कॉम्प्युटरमध्ये 50 नाही, 48 भरायचं. आपला सिलिंडर आपणच तपासायचा. दुसऱ्याने तपासला म्हणून सांगितलं तरी पुन्हा तपासायचा. इथे संकोच करणारा मराठी माणूस मी पाहिला आहे, ‘‘कशाला, त्यांनी केलंय ना’’ म्हणणारा. विश्वासाचा प्रश्न नाहीच, दोन डोळ्यांऐवजी चार लागतात एवढंच.

संध्याकाळी छतावरच्या खाटेवर कागद घेऊन गणितं. समजा तळाशी एकाचा सगळा गॅस गेला. दोघं एकाच साठ्यावर, दोघंही घाबरलेले, म्हणून श्वास प्रत्येकी 30 लिटर. 45 मीटरवर सावरायला दोन मिनिटं: 60 गुणिले साडेपाच गुणिले 2, म्हणजे 660 लिटर. मग 21 मीटरपर्यंत तीन मिनिटं, सरासरी दाब 4.3 बार: 774. एकूण 1434 लिटर. आमच्या 24 लिटरच्या जोडीत हे झाले 60 बार. वर थोडं जास्तीचं धरून आम्ही 80 लिहिले. काटा 80 वर आला की तळ सोडायचा, समोरून व्हेल शार्क जात असला तरी. हा आकडा खाली गेल्यावर काढायचा नसतो, कारण खाली डोकं चालत नाही.

डोकं चालत नाही हे शब्दशः घ्या. साधारण 30 मीटरनंतर नायट्रोजनची नशा सुरू होते. शिवाय हवा दाट होते. छातीला ती ओढायलाच कष्ट पडतात, कार्बन डायऑक्साइड साठतो आणि नशा वाढते. हल्ली तज्ज्ञ गॅसची घनता लिटरला 5.2 ग्रॅमच्या आत ठेवा म्हणतात, आणि 6.2 च्या वर जाऊच नका. साध्या हवेने पहिली रेघ 31 मीटरच्या आसपास ओलांडली जाते, दुसरी 39 च्या. म्हणजे 45 मीटरवर हवा घेऊन जाणारे अभ्यासक्रम आजही चालतात, पण माझ्या मते त्यांचे दिवस भरत आले आहेत. उपाय आहे हेलियम मिसळलेला ट्रायमिक्स. आम्ही थोडा हेलियम घातलाच, आणि खिसा चांगलाच हलका झाला. एकच उदाहरण द्यायचं तर 18 टक्के ऑक्सिजन आणि 45 टक्के हेलियम घेऊन 50 मीटरवर गेलात, तर ऑक्सिजनचीही नशा धरून डोकं 23 मीटरवर असल्यासारखं राहतं.

गावाच्या उत्तरेला दगडधोंड्यांच्या रस्त्याने गेलं की ब्लू होल. किनाऱ्याला चिकटलेला, सुमारे 100 मीटर खोल गोल खड्डा. त्याला समुद्राकडे उघडणारी एक कमान आहे. कमानीचं छत साधारण 55 मीटरवर, बोगदा 26 मीटर लांब. पलीकडून येणाऱ्या निळ्या उजेडामुळे तो आहे त्यापेक्षा आखूड वाटतो. एकाच सिलिंडरवर, साध्या हवेवर, नशेत, ‘‘हे काय, समोरच तर आहे’’ म्हणत शिरून जीव गमावलेल्यांच्या नावाच्या पाट्या शेजारच्या कड्यावर बसवलेल्या आहेत. पाट्यांच्या समोरच कॅफे, गाद्या, लोड, पुदिन्याचा चहा आणि सेल्फी. मी प्रशिक्षकांना कमानीबद्दल विचारलं. ते म्हणाले, ‘‘कमान कुठे पळून जात नाही. तुम्ही आधी 45 मीटरवर कंटाळायला शिका.’’

आमची 45 मीटरची डाइव्ह तिथेच, बाहेरच्या भिंतीवर झाली. शिरायचं बेल्स नावाच्या चिंचोळ्या घळीतून. ती डोकं खाली करून सोडते आणि 27-28 मीटरवर बाहेर काढते. पुढे फक्त निळं. तळाची म्हणून जी वेळ ठरवली होती ती खरंच कंटाळवाणी गेली: काटा बघ, वेळ बघ, जोडीदार बघ. एक मोठा नेपोलियन मासा येऊन आमच्या सिलिंडरांची पाहणी करून गेला. ठरल्या मिनिटाला अंगठा वर. 21 मीटरवर गॅस बदलला: मी पट्टीवरचा आकडा त्याला दाखवला, त्याने खोली पाहिली, रेग्युलेटरपासून सिलिंडरपर्यंत नळीवर बोट फिरवलं, मान हलवली, मग मी श्वास घेतला. नंतर उलट. तळाशी होतो जवळपास तेवढाच वेळ वर यायला लागला.

सहा मीटरचा थांबा सगळ्यात लांब. थंडी तिथेच वाजते, तहान तिथेच लागते. खड्ड्यात दोरीला धरून आम्ही मिनिटं मोजत असताना शेजारच्या दोरीवरून एक फ्रीडायव्हर बाई एकाच श्वासावर खाली गेली, दिसेनाशी झाली, परत वर आली, आणि आमचा थांबा अजून संपला नव्हता.

बाहेर आल्यावर गडबड करायची नाही. सिलिंडर दुसऱ्याला उचलू द्यायचा, पाणी प्यायचं, अर्धा तास आपल्याच अंगाकडे लक्ष ठेवायचं: सांधा दुखतोय का, मुंग्या येतात का, अवाजवी थकवा आहे का. बुडबुड्यांवरच्या उपचाराचं दाबाचं चेंबर शर्मला कुठे आहे, त्याचा फोन नंबर आणि विम्याचा क्रमांक आमच्या दोघांच्याही वहीच्या पहिल्या पानावर होता. विमा काढताना डेको डाइव्ह आणि खोलीची मर्यादा त्यात धरली आहे का ते वाचून घ्या. साध्या प्रवास विम्यात बहुधा नसते.

कोरड्या दिवशी आम्ही ‘फूल’ म्हणजे तिथली बाकल्याची उसळ आणि ताहिनी ही तिळाची चटणी खात बसून पुढचा हिशेब केला. पूर्ण ट्रायमिक्सच्या कोर्सला लागणारा हेलियम, त्याचा दर, दोघांचे भाग. जोडीदाराने बेरीज दोनदा तपासली आणि वही मिटली. ‘‘यंदा मस्कतलाच ये,’’ तो म्हणाला, ‘‘30 मीटरवर पोहू आणि घरी भाकरी खाऊ.’’ मी हो म्हटलंय. ट्विनसेटचा सराव तिथेही होतो.