तिवंध्याच्या घरातला जुना रंग काढताना

वन्सं दुसऱ्या बाळंतपणाला माहेरी येणार हे दिवाळीतच ठरलं होतं. अण्णांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, तेव्हाच सांगून टाकलं, "त्याआधी घराला रंग झालाच पाहिजे." आमचं घर जुन्या नाशकात, तिवंधा चौकाच्या आतल्या गल्लीत. भिंती चुन्याच्या, पण दारं, खिडक्या, जिन्याचा कठडा, माडीचे खांब सगळं सागवानी, आणि त्यावर निदान साठ वर्षांचे ऑइल पेंटचे थर.

पहिल्याच दिवशी चूक झाली. पेंटर काकांनी माजघराचं दार कोरड्या पॉलिश पेपरने घासायला घेतलं. तासाभरात घरात पिठाच्या गिरणीसारखी धूळ झाली. फडताळातल्या वाट्यांवर बोट फिरवलं तर हिरवट भुकटी हाताला लागली. तेवढ्यात अण्णा दारापाशी येऊन म्हणाले, "तो खालचा पांढरा दिसतोय ना, तो सफेदा. आमच्या लहानपणी रंगारी अंगणात बसून जवसाच्या तेलात घोटायचे." मी शाळेत रसायनशास्त्र शिकवते. सफेदा हा शब्द ऐकला आणि मी काम थांबवायला सांगितलं. जुना सफेदा शिशाचाही असायचा, आणि शिसं विषारी. लोखंडी गजांना लावायचा शेंदरी प्रायमर तर पुष्कळदा शिशाचं ऑक्साइडच, म्हणजे मारुतीला लावतात तो शेंदूर. पिवळ्या-हिरव्या ऑइल पेंटमध्येही शिशाचं क्रोमेट सर्रास असे.

आपल्याकडे घरगुती रंगांत शिसं ९० पीपीएमपेक्षा, म्हणजे दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा, जास्त नको हा नियम २०१६ साली निघाला आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. म्हणजे त्याआधीचा कुठलाही ऑइल पेंट संशयित धरायचा. मी शिसं ओळखायचं टेस्ट किट मागवलं. दाराला कोपऱ्यात कटरने तिरकी खाच पाडली. वर क्रीम, मग हिरवा, मग निळा, मग पुन्हा हिरवा, आणि लाकडालगत मळकट पांढरा, कांद्याच्या पापुद्र्यासारखे. किटमधली कापसाची काडी त्या खाचेवर घासली तर अर्ध्या मिनिटात लालभडक, म्हणजे शिसं असल्याची खूण. या काड्या कधीकधी चुकतात, म्हणून खरवडलेला तुकडा सातपूरच्या एका लॅबला दिला. आकडा मर्यादेच्या कितीतरी पट आला.

घरात मतभेद झाले. "आम्ही याच घरात वाढलो, काय झालं आम्हाला?" हा अण्णांचा प्रश्न. मी त्यांना एवढंच सांगितलं की शिसं हाडांत जाऊन वर्षानुवर्षं साठून राहतं आणि गरोदरपणात तिथून रक्तात उतरून बाळापर्यंत पोचतं. लहान मुलांच्या मेंदूवर तर थोड्या शिशाचाही परिणाम होतो. ऐकून ते गप्प झाले, आणि दुसऱ्या दिवशी माझ्या मुलीला घेऊन स्वतःच मावशींकडे गंगापूर रोडला राहायला गेले. वन्संना पंधरा दिवस उशिरा यायला सांगितलं.

मग मी वाचून, विचारून कामाची पद्धत ठरवली. माझा सगळ्यात मोठा गैरसमज होता की रंग मुळापासून काढायलाच हवा. तसं नसतं. घट्ट बसलेला रंग त्रास देत नाही, त्याची धूळ देते. म्हणून माडीचे खांब आणि दारांचा वरचा भाग नुसता ओल्या फडक्याने पुसून त्यावर नवे दोन हात दिले. सागवान उघडं करून पॉलिश करायची माझी फार इच्छा होती, ती सोडली. पापुद्रे सुटले होते आणि लाकडावर लाकूड घासत होतं तेवढंच खरवडायचं ठरलं: खिडक्यांच्या चौकटी, दारांच्या कडा, कठड्याचा हात धरायचा भाग.

एका वेळी एकच खोली. सामान बाहेर, जमिनीवर जाड प्लास्टिक, कडा चिकटपट्टीने बंद, दाराला प्लास्टिकचा पडदा, पंखा बंद. स्प्रेच्या बाटलीने आधी लाकूड ओलं करायचं, मग पट्टीने हळू खरवडायचं, मग वॉटर पेपर, आणि सुकत आलं की परत पाणी. ब्लो लॅम्प वापरायचा नाही, कारण त्या आचेने शिशाची वाफ होते. तोंडाला रुमाल काही कामाचा नाही. काकांसाठी आणि माझ्यासाठी अगदी बारीक धूळ अडवणाऱ्या पी-१०० फिल्टरचे रबरी मास्क आणले. संध्याकाळी प्लास्टिक आतल्या बाजूला दुमडत गुंडाळायचं, झाडू अजिबात मारायचा नाही, डिटर्जंटच्या पाण्याने आणि मग स्वच्छ पाण्याने फरशी पुसायची, फडकी पिशवीत. साध्या व्हॅक्युमने बारीक धूळ मागून परत बाहेर पडते, म्हणून हेपा फिल्टरचा आणावा लागला. तो महाग पडला, पण चौकटींच्या फटींतली धूळ त्याशिवाय निघाली नसती.

आठव्या दिवशी मोरीत गेले तर कुजलेल्या खिडकीच्या फळ्या बंबाशेजारी रचलेल्या. जानेवारीतलं नाशिक, पाणी तापवायला जळण म्हणून कोणीतरी प्रेमाने ठेवल्या होत्या. तसला रंग जाळला तर धुरात आणि राखेत शिसंच उरतं, आणि राखेने आमच्याकडे अजून भांडी घासली जातात. मी त्या उचलल्या तेव्हा हात थरथरत होते. फळ्या, पापुद्रे, फडकी सगळं दुहेरी पिशवीत बांधून घंटागाडीला घरगुती घातक कचरा म्हणून वेगळं दिलं, तसं सांगूनच.

अकरा दिवसांनी काम संपलं. मुलीच्या रक्तातलं शिसं तपासलं, डेसिलिटरला ३ मायक्रोग्रॅम आलं. जागतिक आरोग्य संघटना डेसिलिटरला ५ आलं की उगम शोधा म्हणते, पण सुरक्षित अशी पातळी ठाऊकच नाही असंही म्हणते. डॉक्टरांनी लोह-कॅल्शियमकडे लक्ष ठेवायला आणि तीन महिन्यांनी पुन्हा तपासायला सांगितलं.

काका तिसऱ्या दिवसापासून आमच्याकडेच हातपाय धुऊन कपडे बदलून घरी जात. कामाचे कपडे मी वेगळे धुवायची. शेवटच्या दिवशी हिशेब झाल्यावर ते उंबऱ्याशी थांबले. "ताई, तीस वर्षं मी तेच कपडे घालून घरी गेलो. धाकटी तर रोज धावत येऊन कमरेला मिठी मारते." काल आम्ही दोघं तिला घेऊन लॅबमध्ये गेलो. सुई टोचताना तिने माझं बोट घट्ट धरलं होतं. रिपोर्ट गुरुवारी मिळेल.