गाळातला डीएनए
आज पर्यावरण अभियांत्रिकीच्या मुलांना पीसीआर (डीएनएच्या ठरावीक तुकड्याच्या असंख्य प्रती काढायचं तंत्र) शिकवला. सांडपाणी प्रक्रियेचं गणित त्यांचं पक्कं, बीओडी-सीओडी ही पाण्यातलं प्रदूषण मोजायची मापं तर तोंडपाठ. पण टाकीत खरं काम करणारे जिवाणू त्यांच्यासाठी आजवर समीकरणातला 'एक्स' होते, बस्स.

काल सक्रिय गाळातून, म्हणजे टाकीतल्या जिवाणूंनी भरलेल्या गाळातून, काढलेला डीएनए तपकिरी दिसला, तेव्हाच मनात पाल चुकचुकली होती. पीसीआरमध्ये प्रती तयार झाल्या की जेलवर पट्टी दिसते. आज तुलनेसाठी लावलेल्या कंट्रोलची पट्टी लख्ख, नमुन्यांच्या जागी मात्र काळोख. गाळातली तपकिरी ह्युमिक आम्लं प्रती काढणाऱ्या पॉलिमरेज या विकराला अडवतात ना! तोच डीएनए १० पट पातळ करून पुन्हा लावला आणि संध्याकाळी जिवाणूंची ओळख पटवणाऱ्या १६एस जनुकाची पट्टी उमटली.

सकाळी पिपेट धरताना हात थरथरणारी एक मुलगी त्या पट्टीकडे कितीतरी वेळ बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "मॅडम, म्हणजे हाच तो एक्स?"