एक नलिका निळी राहिली

त्या दिवशीचा रन (लॅबमध्ये स्लाइड रंगवण्याची फेरी) पास झाला होता. कंट्रोलच्या, म्हणजे रंग नक्की येतो हे माहीत असलेल्या नमुन्याच्या, स्लाइडवर केंद्रकं गडद तपकिरी, बाकी सगळं स्वच्छ. रुग्णाची स्लाइड मात्र सगळी निळी. स्तनाच्या गाठीतून सुईने काढलेले चार बारीक तुकडे होते आणि तपासणी ईआरची, म्हणजे गाठीच्या पेशींत इस्ट्रोजेनचे रिसेप्टर आहेत का ते पाहायचं. असले तर केंद्रकं तपकिरी होतात, नसले तर निळी राहतात. नवे रुजू झालेले डॉक्टर म्हणाले, "कंट्रोल आलाय ना ताई, निगेटिव्ह देऊन टाकू."

मी अडले ते तिसऱ्या तुकड्याच्या कडेला असलेल्या एका निरोगी दुग्धनलिकेपाशी. अशा नलिकेतल्या काही पेशी तरी तपकिरी व्हायला हव्यात. इथे एकही नव्हती. कंट्रोलचा तुकडा आमच्याच लॅबमध्ये नीट फिक्स केलेला, म्हणजे सडू नये म्हणून फॉर्मॅलिनमध्ये ठेवलेला असतो. अँटिबॉडी (रिसेप्टरला जाऊन चिकटणारं प्रथिन) आणि रंग चांगले होते एवढंच तो सांगतो. रुग्णाच्या तुकड्यावर काय बेतलं ते त्याला कुठून कळणार? शिकलेली माणसंही हे विसरतात, तेव्हा माझा जीव तुटतो.

नेहमीच्या एच-अँड-ई (गुलाबी-जांभळ्या रंगाच्या) स्लाइडवर रक्त साचलेल्या जागी काळपट कण दिसत होते. बफर (आम्लता बदलू न देणारं द्रावण) न घातलेलं फॉर्मॅलिन आम्लधर्मी झालं की हे कण पडतात. फॉर्मवर तुकडा कधी काढला आणि कधी फॉर्मॅलिनमध्ये टाकला, दोन्ही रकाने कोरे. तालुक्याहून येणाऱ्या फॉर्मवर ते कोरेच असतात, आणि बरणी नातेवाइकाच्या हातात देऊन मोकळं होतात.

नवरा रिपोर्टसाठी बाहेर बसला होता. धारूरकडचा, ऊसतोडीवरून आलेला.

"दादा, बरणी कधी दिली होती तुमच्याकडं?"

"दिवाळी झाली की लगेच. उचल घेतलेली, टोळी निघाली व्हती. फडावर कोपीत ठिवली फडक्यात बांधून. सांडू नका म्हनले व्हते डॉक्टर, थेंब सांडू दिला न्हाई ताई."

बायको अजून फडावरच होती. रजिस्टरमधली तारीख पाहून मी दिवस मोजले. सव्वीस. ईआरसाठी तुकडा फॉर्मॅलिनमध्ये 6 ते 72 तास राहावा असा नियम आहे.

फॉर्मॅलिन प्रथिनांना एकमेकांशी बांधून ठेवतं, म्हणून तुकडा सडत नाही. पण बांधणी घट्ट झाली की अँटिबॉडीने जिथे बसायचं ती जागाच झाकली जाते. 1991 साली शान-रोंग शी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्लाइड मायक्रोवेव्हमध्ये तापवून ही झाकलेली जागा उघडून दाखवली. आम्ही तेच काम घरगुती कुकरमध्ये करतो, आणि मनापासून करतो. रोजची पद्धत सायट्रेट बफर, पीएच 6, पूर्ण दाब आल्यावर तीन मिनिटं. बफर उकळल्याशिवाय स्लाइड आत जात नाही, घड्याळ दाब आल्यावरच सुरू होतं, आणि नंतर वीस मिनिटं त्याच बफरमध्ये निवू द्यायचं. मधे स्लाइड क्षणभर जरी कोरडी पडली तरी ती वाया. बफर डिस्टिल्ड पाण्यातच करायचा; आमच्या बोअरचं पाणी किटलीला पांढरा थर धरवतं.

या तुकड्यांना ते पुरलं नव्हतं. ट्रिस-ईडीटीए, पीएच 9, पाच मिनिटं असं ठरवलं. धोका असा की या बफरमध्ये तुकडे काचेवरून सुटतात, आणि ब्लॉकमध्ये (तुकडे बसवलेल्या मेणाच्या ठोकळ्यात) जेमतेम पाच-सहा काप निघतील एवढंच मांस उरलं होतं. तीन मायक्रॉनचे काप पॉलिलायसिन लावलेल्या काचांवर घेतले, रात्रभर 37 अंशांवर वाळवले. सकाळी पहिल्या काचेवरून नेमका तिसरा तुकडा, नलिकेसकट, वाहून गेला. दुसरी काच अख्खी राहिली. नलिकेत तपकिरी केंद्रकं उगवली होती, आणि तिच्याभोवती गाठीच्या निम्म्याहून जास्त पेशींतही. 1 टक्का पेशी रंगल्या तरी ईआर पॉझिटिव्ह धरतात. तापवण्यानेच खोटा रंग आला नाही ना, म्हणून अँटिबॉडी न घालता एक काच तशीच शिजवली होती. ती निळी राहिली.

मोठ्या सरांनी दोन्ही काचा शेजारी ठेवून पाहिल्या आणि काही न बोलता सही केली. नवे डॉक्टर बराच वेळ मायक्रोस्कोपवरून उठले नाहीत. निगेटिव्ह रिपोर्ट गेला असता तर त्या बाईला टॅमॉक्सिफेन, म्हणजे गाठीवरचा इस्ट्रोजेनचा परिणाम रोखणारं औषध, मिळालंच नसतं. स्वस्त गोळी, रोज एक, निदान पाच वर्षं. नवऱ्याला फोन करून सांगितलं, तिला आता फडावरून घेऊन या.

रात्री झोप लागेना. पुढच्या आठवड्यात मी वर्षभराचं रजिस्टर काढलं. ईआर निगेटिव्ह, बाहेरून आलेली बरणी आणि निरोगी नलिकेबद्दल नोंदच नाही, असे सात नंबर निघाले. पाच ब्लॉक नव्या पद्धतीने पुन्हा कापून रंगवले. चारांत नलिका होती, ती रंगली आणि गाठ निळीच राहिली. पाचव्यात नलिकाच नाही. उरलेले दोन ब्लॉक नातेवाईक बार्शीला आणि मुंबईला दाखवायला घेऊन गेलेत. एकाचा फोन लागला, ब्लॉक पाठवतो म्हणाले. दुसऱ्याचा नंबर रोज लावते आहे.