९४ टक्क्यांवर अडकलेला दिवस
आज दिवसभर एकच आकडा बघत बसलो: बॅकअपची जागा ९४ टक्के भरलेली. बॅकअप सॉफ्टवेअर म्हणतंय निम्म्या टेप एक्स्पायर झाल्या (मुदत संपली), पण डीडुप अप्लायन्सवर (एकसारखा डेटा एकदाच साठवणाऱ्या यंत्रावर) तसूभरही जागा मोकळी नाही. व्हर्च्युअल, म्हणजे डिस्कवरच टेपचं सोंग घेतलेली, असली तरी टेप वागते खऱ्या टेपसारखीच. पुन्हा लेबल करेपर्यंत किंवा वरून लिहीपर्यंत जुना डेटा तसाच पडून. शेवटी स्क्रॅच पूलमधल्या (पुन्हा वापरायला मोकळ्या) टेप रीलेबल केल्या, क्लीनिंग (नको असलेला डेटा काढून जागा मोकळी करणं) चालवलं, तेव्हा कुठे काटा हलला.

जाता जाता मल्टिप्लेक्सिंगही (एका टेपवर एकाच वेळी किती बॅकअप मिसळून लिहायचे ते) १ वर आणलं. खऱ्या ड्राइव्हला सतत डेटा पुरवायला ते ठीक होतं. इथे ४ सर्व्हरचा डेटा एकमेकांत कालवून डीडुपचीच वाट लावत होतं. (३ वर्षांपूर्वी ते सेटिंग ठेवणारा मीच.)

डेटाबेसवाल्यांचं कॉम्प्रेशन (डेटा दाबून लहान करणं) अजून बंद करायचंय, तेही डीडुपच्या आड येतं. त्यांच्याशी भांडण उद्या.