पॅकेजमधली ‘उंट सफारी’ किती मिनिटांची?

जैसलमेरचा कॅम्प बुक करताना तंबूचे फोटो सगळेच बघतात. उंटावर किती वेळ बसायला मिळणार, हे मात्र विचारायचं राहून जातं. जैसलमेरजवळच्या सम या गावातल्या बऱ्याच पॅकेजमध्ये सफारी म्हणजे सूर्यास्ताला वाळूच्या टेकाडांच्या कडेने मारलेली अर्ध्या तासाची फेरी. नंतर चहा-भजी, कालबेलिया नाच, डाळ-बाटी, केर-सांगरीची भाजी आणि डीजे. हेच हवं असेल तर सम झकास, शहरापासून ४० किमी. दोन-तीन तास चालणारा उंट आणि रात्री वाळूत पथारी हवी असेल तर खुरी या दुसऱ्या गावाकडे चौकशी करा. प्रत्यक्ष उंटावरचा वेळ आणि एका उंटावर किती जण बसवणार, हे पैसे भरण्याआधी बोलून घ्या. दोघं बसले तर मागच्याला हिसके जास्त बसतात. डिसेंबरात सूर्य सहाच्या आतच मावळतो, म्हणून तीनला शहर सोडलेलं बरं.

बसलेला उंट उठताना आधी मागचे पाय सरळ करतो, त्यामुळे आपण त्याच्या मानेवर घसरतो. लगेच पुढचे पाय उचलतो आणि झटका उलटा बसतो. म्हणून उंटवाल्याने इशारा केला की पलाणाचा, म्हणजे उंटावरच्या खोगिराचा, पुढचा खुंटा दोन्ही हातांनी धरायचा आणि आधी मागे रेलायचं. उतरताना पुढचे गुडघे आधी दुमडतात, म्हणजे तोल पुन्हा पुढेच जातो. तोल जायचा धोका इथेच जास्त. पोहोचलो म्हणून एक हात मोबाइलवर गेलेला असतो.

बऱ्याच पलाणांना रिकीब, म्हणजे पाय ठेवायची कडी, नसते. पाय लोंबकळून तासाभरात मांड्या आणि पोटऱ्या भरून येतात, तेव्हा मध्ये उतरून थोडं चाला, उंटाचा वेग तसाही आपल्या चालीएवढाच. जीन्सची जाड शिवण मांडीला घासते. सैल सुती पँट घाला आणि पलाणावर जादा गोधडी मागून घ्या.

पर्यटकांचा हंगाम ऑक्टोबर ते मार्च, आणि नेमके हिवाळ्यातच नर उंट माजावर येतात. तोंडाला फेस, घशातून गुळण्या केल्यासारखा आवाज, कधी तोंडाच्या कडेने बाहेर लोंबणारा गुलाबी फुगा. तो फुगा म्हणजे जीभ नव्हे, टाळूचा मऊ भाग. बघायला गंमत वाटते, पण अशा उंटाच्या तोंडासमोर उभं राहून सेल्फी नको. तो चावतो, आणि जबर चावतो.

वाळू जेवढ्या लवकर तापते तेवढ्याच लवकर गार पडते. डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा ५ अंशांच्या आसपास येऊ शकतो. गार हवा खोलगट जागी साचते, म्हणून अंथरूण टेकाडाच्या तळाशी न घालता उतारावर थोडं वर, वाऱ्याच्या आडोशाला घाला. अंगावर दोन रजया आणि खाली पातळ सतरंजी, हे गणित चुकतं. थंडी खालून चढते. एक रजई खाली अंथरा. सकाळी वरच्या रजईवर दव असतं, तेव्हा कॅमेरा पिशवीत घट्ट बांधून उशाशी ठेवा. आणि बूट घालण्याआधी ते झटकून घ्या.