लिस्पमधून बाहेरचा प्रोग्रॅम चालवताना: स्ट्रिंग की यादी?

जुन्या दिवाळी अंकांच्या स्कॅन केलेल्या पीडीएफ फायलींमधून मजकूर काढण्याचे काम मी गेले काही महिने फावल्या वेळात करतो आहे. खरे कष्ट पीडीएफटूपीपीएम आणि टेसरॅक्ट हे दोन बाहेरचे प्रोग्रॅम उपसतात: पहिला पानांच्या प्रतिमा तयार करतो, दुसरा त्या प्रतिमांतली मराठी अक्षरे ओळखतो. या दोघांना कामाला लावणारा मुकादम मी कॉमन लिस्प या प्रोग्रॅमिंग भाषेत लिहिला, आणि पहिल्याच रात्री तो ‘दिवाळी अंक १९६८ (भाग २)’ या नावाच्या फायलीपाशी अडून बसला. शेलची, म्हणजे लिहिलेल्या कमांड वाचून चालवणाऱ्या प्रोग्रॅमची, तक्रार होती कंसाबद्दल. कंसांनी भरलेली लिस्प लिहिणाऱ्याला कंसानेच दगा द्यावा, यातली गंमत मात्र मला सकाळच्या चहाच्या वेळी कळली.

चूक माझीच होती. फॉरमॅट हे मजकूर जुळवणारे फंक्शन वापरून मी संपूर्ण कमांड एका स्ट्रिंगमध्ये, म्हणजे सलग अक्षरमाळेत, जुळवली होती. यूआयओपी या लायब्ररीतल्या रन-प्रोग्रॅम या फंक्शनला स्ट्रिंग दिली, तर ते ती शेलच्या हवाली करते आणि शेल तिचे मोकळ्या जागांवर तुकडे करून कंस, तारांकन, डॉलर, अर्धविराम यांचे स्वतःच्या नियमांनी अर्थ लावतो. त्याच फंक्शनला शब्दांची यादी दिली, तर शेल मधे येतच नाही. युनिक्समध्ये नवा प्रोग्रॅम सुरू करणाऱ्या सिस्टिम कॉलला शेवटी सुट्या शब्दांची रांगच लागते. म्हणजे हातात असलेले सुटे शब्द आपण आधी चिकटवायचे आणि मग ते पुन्हा तोडण्यासाठी शेलला बसवायचे, असा हा उलटा व्यवहार आहे. ज्या भाषेचे नावच याद्यांवरून पडले आहे, तिच्यात तरी हे शोभत नाही. यादीत फायलीचे नाव कितीही वेडेवाकडे असले तरी तो एकच घटक राहतो, आणि एखादा पर्याय गरजेनुसार घालायचा किंवा गाळायचा असेल तर बॅककोटने, म्हणजे यादीचा साचा लिहून त्यात मूल्ये भरण्याच्या लिस्पच्या खुणेने, ते सहज होते.

यादी वापरूनही एक खाच राहते, आणि तीही कंसाचीच. फायलीच्या नावात चौकोनी कंस असेल, तर मी वापरतो त्या एसबीसीएल या कॉमन लिस्पच्या अंमलबजावणीत पाथनेमची (फायलीच्या मार्गाची) साधी नेमस्ट्रिंग, म्हणजे स्ट्रिंगरूप, काढल्यावर त्या कंसाआधी बॅकस्लॅश लागतो, कारण एसबीसीएल चौकोनी कंसाला वाइल्डकार्डचा, म्हणजे अनेक नावांशी जुळणाऱ्या खुणेचा, भाग मानते. बाहेरच्या प्रोग्रॅमला मग अस्तित्वात नसलेल्या फायलीचे नाव मिळते. त्यासाठी ऑपरेटिंग सिस्टिमला कळेल असेच नाव देणारी नेटिव्ह-नेमस्ट्रिंग वापरावी. मार्ग पूर्ण, म्हणजे मुळापासून दिला, की उणे चिन्हाने सुरू होणारे नाव पर्याय समजले जाण्याचाही प्रश्न उरत नाही.

कॉमन लिस्पच्या १९९४ च्या एएनएसआय मानकात बाहेरचा प्रोग्रॅम चालवण्याची सोयच नाही. त्यामुळे एसबीसीएल, सीसीएल, क्लिस्प, ईसीएल या सर्व अंमलबजावण्यांनी आपापल्या चुली मांडल्या. यूआयओपी २०१३ मध्ये एएसडीएफ ३ बरोबर आली आणि या चुलींवर तिने एकच झाकण घातले.

मी मात्र हुशारी म्हणून आधी एसबीसीएलचे स्वतःचे रन-प्रोग्रॅम वापरले होते. टेसरॅक्टचे उत्तर स्ट्रीम, म्हणजे येईल तसा वाचता येणारा प्रवाह, म्हणून मागितले आणि प्रोसेस संपेपर्यंत थांबण्याची मूळ सेटिंग तशीच ठेवली. मोजकी पाने दिली की सगळे सुरळीत चाले, पूर्ण अंक दिला की कार्यक्रम थिजून जाई. एररही नाही आणि प्रोसेसरवर भारही नाही. हे उत्तर पाइपमधून, म्हणजे दोन प्रोग्रॅमना जोडणाऱ्या नळीतून, येते आणि लिनक्समध्ये पाइपची क्षमता साधारणपणे ६५,५३६ बाइट असते. पाइप भरला की टेसरॅक्ट पुढचे लिहिण्यासाठी कोणीतरी वाचण्याची वाट पाहतो, आणि माझा लिस्प टेसरॅक्ट संपला की वाचू म्हणून बसलेला असतो. यूटीएफ-८ या अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते, म्हणजे साधारण २२ हजार चिन्हांतच पाइप तुडुंब होतो. इंग्रजी मजकुरावर चाचणी घेणाऱ्याला हीच अडचण बऱ्याच उशिरा भेटेल. उपाय म्हणजे थांबायचे नाही असे सांगून स्ट्रीम शेवटपर्यंत वाचावी आणि मगच प्रोसेस संपल्याची खात्री करावी. यूआयओपीकडे उत्तर स्ट्रिंग म्हणून मागितले, तर हे वाचन ती स्वतः करते.

पाइपने जोडलेल्या कमांडसाठी स्ट्रिंगचा मोह होतो, पण तिथे साध्या शेलकडून फक्त शेवटच्या कमांडचा एक्झिट कोड (संपताना दिलेला यशापयशाचा आकडा) मिळतो आणि आधीची कमांड कोसळल्याचे कळत नाही. मी प्रत्येक टप्पा वेगळा चालवतो.

एक्झिट कोडच्या बाबतीत यूआयओपी जरा जास्तच कडक आहे: शून्याखेरीज काहीही आले की ती एरर उठवते. ग्रेप या शब्द शोधणाऱ्या प्रोग्रॅमला शब्द सापडला नाही तर तो १ परत करतो. ती काही चूक नव्हे, साधे ‘नाही’ असे उत्तर आहे. शिवाय एररचा मजकूर मागितला नाही तर तो टाकून दिला जातो, आणि मागितला तरी एरर उठल्यावर परतीची मूल्ये हाती येत नाहीत. म्हणून मी एररकडे दुर्लक्ष करण्याचा पर्याय देऊन उत्तर, एररचा मजकूर आणि एक्झिट कोड ही तिन्ही मूल्ये घेतो आणि निर्णय स्वतः करतो. आता मुकादम प्रत्येक फायलीपुढे ही नोंद करतो. तीन अंक कोरे का येत होते ते या नोंदीतूनच कळले. त्या फायलींना पासवर्ड होता.